तुमच्या धंद्याप्रमाणे क्लाउड सॉफ्टवेअर बदलून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही इंदुरात लहान-मध्यम धंद्यांना बिलं, साठा आणि हिशेबाचं क्लाउड सॉफ्टवेअर बसवून देतो. सियागंजातले किराणा व्यापारी, एम. टी. क्लॉथ मार्केटमधले कापडवाले, सराफ्यातल्या पेढ्या, सांवेर रोडवरचे कारखाने, सगळ्यांचे फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. दोन-तीन प्रश्न आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलांचेही आहेत.

१. क्लाउड म्हणजे आमचा हिशेब नक्की असतो कुठे?

डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर. तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर फक्त तो पाहण्याची खिडकी असते. पूर्वी सॉफ्टवेअर सीडीवरून यायचं आणि प्रत्येकाची प्रत त्याच्या त्याच्या मशीनवर असायची. तुमच्या प्रतीत कोणी खाडाखोड केली, तरी ती तुमच्यापुरतीच. आता प्रत एकच आहे आणि ती शेकडो फर्म एकाच वेळी वापरतात. खालच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ याच फरकात आहे.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर एक गोष्ट लेखी विचारून घ्या: हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर जातो का? २०२२ पासून कंपन्यांना तो नियम आहे.

२. त्याच सॉफ्टवेअरवर शेजारचा व्यापारीही आहे. त्याला माझे भाव दिसतील का?

दिसता कामा नयेत, आणि त्याची सोय तीन तऱ्हांनी करतात. पहिली तऱ्हा: सगळ्यांच्या नोंदी एकाच तक्त्यात, पण प्रत्येक ओळीवर फर्मचा क्रमांक. दुसरी: डेटाबेस एक, पण प्रत्येक फर्मचे तक्ते वेगळे. तिसरी: प्रत्येकाचा डेटाबेसच वेगळा. पहिली स्वस्त पडते म्हणून तीच जास्त चालते. तिच्यात धोका असा, की प्रोग्रॅमरने एका ठिकाणी 'फक्त याच फर्मच्या ओळी' ही अट घालायची विसरली की शेजाऱ्याचा हिशेब पडद्यावर येतो. म्हणून शहाणी मंडळी ही अट प्रोग्रॅमरच्या स्मरणशक्तीवर सोडत नाहीत. ती डेटाबेसमध्येच पहारेकरी म्हणून बसवतात.

विकणाऱ्याला 'सुरक्षित आहे का?' असं विचारू नका, तो 'हो'च म्हणणार. त्यापेक्षा म्हणा, 'आमच्या एकट्याचा हिशेब काल संध्याकाळच्या स्थितीला परत आणून दाखवा.' सामायिक तक्त्यातून एकाच फर्मच्या ओळी मागच्या तारखेला नेणं किचकट असतं. ज्याने ते काम आधी केलेलं आहे, तो शांतपणे किती तास लागतील ते सांगतो.

३. सॉफ्टवेअर सगळ्यांचं एकच, मग आमच्यासाठी बदलतं काय?

सर्वांत सोपे बदल सेटिंगचे: आर्थिक वर्ष, कराची नोंदणी, उधारीची मुदत. त्यानंतर नावं, जादा रकाने आणि बिलाची छपाई. मग नियम, उदाहरणार्थ 'दहा हजारांवर सवलत दिली तर मालकाच्या मंजुरीशिवाय बिल निघू नये'. इथवरचं सगळं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नसतं. तुमच्या नावापुढे माहिती म्हणून साठवलेलं असतं. त्यामुळे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली तरी ते जागच्या जागी राहतं.

पुढची पायरी बाहेरून जोडलेल्या तुकड्याची (प्रश्न १३). अगदी शेवटची म्हणजे फक्त तुमच्यासाठी वेगळा कोड. त्या पायरीवर आमचे हात पोळलेले आहेत, ते प्रश्न ९ मध्ये.

४. आमची पद्धतच वेगळी आहे. सगळं आमच्याप्रमाणे बदलून मिळेल ना?

प्रत्येक मागणीला आम्ही एकच प्रश्न विचारतो: हा कायदा आहे, धंदा आहे की सवय?

कायदा असेल तर चर्चा नको, तो सगळ्यांसाठी एकदाच बसवायचा. धंदा असेल तर नीट ऐकून घ्यायचं. धान्याच्या व्यापाऱ्याला पोत्याचं वजन, बारदानाची वजावट, हमाली आणि तोलाई वेगळी लागते. त्याला 'एवढं कशाला?' असं म्हणणाऱ्याने मंडीत पाऊल टाकू नये. सवय असेल तर मात्र थोडं उकरून पाहावं लागतं. एका पेढीवर प्रत्येक बिलाची तिसरी प्रत छापून तिच्यावर मुनीमजींची सही व्हायची. कशासाठी, ते कोणालाच आठवेना. जुना कार्बन कागद गेला तरी प्रत राहिली होती. तिसऱ्या प्रतीसाठी पैसे घ्यायला आम्ही तयार होतो, पण मालकांनीच हसून विषय संपवला.

सवय म्हणजे टाकाऊ असंही नाही. दिवाळीच्या चोपडीपूजनानंतरचं पहिलं बिल १ नंबरचंच हवं, वरती 'श्री' हवं, अशी मागणी दरवर्षी येते. आर्थिक वर्ष एप्रिलपासून, मग मध्येच १ कसा येणार? येतो. जीएसटीच्या नियमात बिलांच्या एकाहून जास्त मालिका चालतात. दिवाळीची मालिका वेगळ्या अक्षराने सुरू करायची. फक्त त्या आर्थिक वर्षात तोच क्रमांक पुन्हा यायला नको आणि अक्षरं, आकडे, रेघा धरून क्रमांक १६ चिन्हांच्या आत हवा. 'श्री' क्रमांकात घालू नका, छपाईच्या नमुन्यात घाला.

५. 'ग्राहक' ऐवजी 'पार्टी' हवं, आणि मालकांना मराठी हवी पण मुनीमजींना हिंदी. जमेल?

जमेल. शब्द बदलणं हा सर्वांत स्वस्त बदल. कोचिंगवाल्यांना तिथे 'विद्यार्थी' हवा असतो, दवाखान्याला 'रुग्ण'. भाषा मात्र फर्मला लावू नका, माणसाला लावा. इंदुरात एकाच पेढीवर काका मराठीत बोलतात, गल्ल्यावर हिंदी चालते आणि सीए साहेबांना इंग्रजी अहवाल लागतो. रकमेची मांडणी लाख-कोटींची ठेवा. १००,००० असं लिहिलेलं पाहून एका आजोबांनी दोनदा शून्यं मोजली होती.

एक तोटा सांगून ठेवतो. सगळी नावं बदललीत की मदतीच्या पानावरचे शब्द आणि तुमच्या पडद्यावरचे शब्द जुळत नाहीत. फोनवर आम्ही 'आयटम उघडा' म्हणतो आणि तुम्ही शोधत बसता. पाच-सहा नावांवर थांबा.

६. एक रकाना वाढवायला इतके दिवस का लागतात?

रकाना कशाला चिकटणार, यावर ते अवलंबून आहे. सराफ्यातलं उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा ओळखक्रमांक (एचयूआयडी) लागतो. एका पेढीने आम्हाला सांगितलं, 'बिलावर एक रकाना द्या.' दिला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं आणि चुकीचं होतं. तो क्रमांक बिलाचा नसतो आणि मालाच्या प्रकाराचाही नसतो. तो त्या एका दागिन्याचा असतो. बारा ग्रॅमच्या पाच सारख्या बांगड्या असल्या तरी पाचांचे क्रमांक वेगळे. म्हणजे साठा नग मोजून चालत नाही, प्रत्येक नगाची स्वतंत्र नोंद लागते. वजन ग्रॅमच्या तीन दशांश स्थळांपर्यंत आणि घडणावळ वेगळी. एका रकान्याच्या मागणीतून साठ्याची सगळी मांडणी बदलली.

दिवसा दागिने आणि रात्री भुट्ट्याचा कीस विकणारा आमचा सराफा जगावेगळा आहेच. पण रात्रीच्या गाड्यांना हे सॉफ्टवेअर घ्या असं आम्ही कधी म्हटलं नाही. त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा जलद होतो.

७. जीएसटीचा दर आम्ही स्वतः बदलू शकतो का?

दर बदलण्याचा अधिकार द्यायला हरकत नाही, पण दर 'बदलायचा' नसतो. जुन्याची मुदत संपवून नवा तारखेसह जोडायचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, पाकीटबंद नमकीनचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. इंदुरात नमकीन म्हणजे काय, ते सांगायला नको. ज्यांच्याकडे दर तारखेनिशी साठवलेला होता, त्यांनी आदल्या दिवशी नवी ओळ भरली आणि झोपले. ज्यांनी जुन्या आकड्यावरच नवा आकडा लिहिला, त्यांची ऑगस्टची बिलं पुन्हा छापली तर त्यांवर ५ टक्के दिसू लागले.

तयार कपड्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे दर मालावर ठरत नाही, नगाच्या किमतीवर ठरतो: २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. (आधी ही रेषा १,००० वर होती आणि वरचा दर १२ होता.) २,६०० च्या शर्टावर बिलातच २०० ची सवलत दिली तर तो २,४०० चा होतो आणि दर ५ चा लागतो. म्हणून सॉफ्टवेअरने आधी सवलत वजा करायची, मग दर शोधायचा. हा क्रम उलटा असेल तर चूक प्रत्येक बिलात होते आणि नजरेला पडत नाही. थानाच्या कापडाला ही किमतीची रेषा नाही. कापड आणि तयार कपडे दोन्ही विकणाऱ्या दुकानाने मालाचे दोन गट वेगळे ठेवावेत.

८. दर बदलण्याआधी विकलेला माल आता परत आला. क्रेडिट नोट कोणत्या दराने?

जुन्या. क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वळती करून देणारा कागद, मूळ बिलाला बांधलेली असते, म्हणून कर मूळ बिलाचाच. सॉफ्टवेअरने ती मूळ बिलातून तयार करावी, आजच्या दरपत्रकातून नव्हे. चाचणी घेताना दर बदलण्याआधीचं एक बिल मुद्दाम परत करून पाहा.

९. पैसे देतो, फक्त आमच्यासाठी वेगळी आवृत्ती करून द्या. काय हरकत आहे?

काही वर्षांपूर्वी आम्ही हे केलं. एका कापड व्यापाऱ्याच्या दलालीचा हिशेब इतका गुंतागुंतीचा होता, की आम्ही सगळ्या प्रोग्रॅमची एक नक्कल काढली आणि त्यात त्यांना हवं तसं लिहून दिलं. ते खूश झाले, आम्हीही खूश. पुढे मुख्य प्रोग्रॅममध्ये दर महिन्याला सुधारणा होत गेल्या. नक्कल होती तिथेच राहिली. घटस्थापनेच्या त्या सकाळी बाकी सगळ्यांची बिलं नव्या दराने निघाली. या एका दुकानात तयार कपड्यांची रेषा १,००० वरच अडकलेली होती, कारण त्या नकलेत तो आकडा कोडमध्ये कोरलेला होता. सणाची गर्दी, आणि आमचा मुलगा गल्ल्यामागे बसून हाताने दर बदलतोय. चूक सर्वस्वी आमची होती.

आता दलालीचा तो हिशेब नियमांच्या पायरीवर आणला आहे: टक्का, टप्पा, कोणाला, कोणत्या मालावर, हे सगळं व्यापारी स्वतः भरतो. नंतर आणखी तिघांनी तीच सोय मागितली आणि त्यांना ती आयती मिळाली. वेगळी आवृत्ती मागणाऱ्याला आम्ही आता नाही म्हणतो, आणि त्याने दुप्पट पैसे देऊ केले तर जास्त ठामपणे म्हणतो.

१०. (नव्या डेव्हलपरचा प्रश्न) नक्कल नको, पण कोडमध्ये 'फर्म क्रमांक १७ असेल तर असं कर' एवढं लिहिलं तर काय बिघडलं?

आज काही नाही. दोन वर्षांनी तू नोकरी बदललेली असशील आणि १७ नंबरला असं वेगळं काय हवं होतं, हे कोणालाच कळणार नाही. फर्मचं नाव लिहू नकोस, कारण लिही: 'दलाली टप्प्यांनी मोजायची आहे का?' मग ते बटण १७ ला चालू करायचं, बाकीच्यांना बंद.

बटणंही जपून वाढव. चालू-बंद अशी १० बटणं झाली की त्यांच्या १,०२४ जोड्या होतात, २० झाली की १०,४८,५७६. एवढ्या तपासून कोण पाहणार? जी सगळ्यांनीच चालू केली ती नेहमीसाठी चालू करून बटण काढून टाक. जी कोणीच लावली नाहीत, ती सोय फर्मला विचारून मोडीत काढ.

११. यंदा उलाढाल ५ कोटींच्या खाली आली. ई-इनव्हॉइस बंद करून द्या.

नाही करता येणार. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात ५ कोटी ओलांडले असतील तर ई-इनव्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेणं) लागू. यंदाचा आकडा खाली आला म्हणून सुटका नाही. (५ कोटींची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून आहे.) उलाढाल एका पॅनवरच्या देशभरातल्या सगळ्या नोंदण्यांची मिळून धरतात, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलाला ते लागत नाही, म्हणून बटण फर्मवर एक आणि बिलाच्या प्रकारावर एक, अशी दोन ठेवतो.

१२. बिल दुरुस्त केलं तर आधीचं दिसू नये, असं करून द्याल का?

नाही. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेनिशी नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. मालकीच्या किंवा भागीदारीच्या फर्मला हा नियम नाही, म्हणून 'आम्हाला तरी बंद करा' असा आग्रह होतो. सामायिक सॉफ्टवेअरमध्ये ते बटणच आम्ही ठेवलेलं नाही. ज्याने आग्रह धरला त्याच्याच गल्ल्यातली चोरी या नोंदीमुळे सापडल्याचं आम्ही पाहिलं आहे.

१३. आमचा वजनकाटा, बँक आणि व्हॉट्सॲप याला जोडता येईल का?

बहुतेक वेळा येतं, आणि आमच्या मते वेगळेपणा ठेवण्याची ही सर्वांत चांगली जागा आहे. सॉफ्टवेअरला एपीआय नावाचं दार असतं. बाहेरचा छोटा तुकडा त्या दारातून माहिती घेतो किंवा देतो. तुकडा बिघडला तर काट्याचं वजन हाताने भरावं लागेल, पण बिलं थांबणार नाहीत. वीज गेल्यावर एकच संदेश दोनदा जाणं हा नेहमीचा रोग. प्रत्येक संदेशाला ओळखक्रमांक द्या आणि आलेला क्रमांक पुन्हा आला तर सोडून द्या, नाहीतर एकाच चेकची जमा दोनदा पडते.

१४. इंदूरला दुकान, जळगावला गोदाम. दोन खाती उघडू का?

एकच उघडा आणि त्यात दोन नोंदण्या ठेवा. मध्य प्रदेशाचा जीएसटी क्रमांक २३ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने, पॅन एकच. जळगावला नुसता माल पाठवलात, विकला नाहीत, तरी कायद्याच्या नजरेत तो एका नोंदणीने दुसरीला केलेला पुरवठा आहे. त्याचं आयजीएसटीचं (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरच्या कराचं) बिल निघतं आणि माल ५० हजारांवर असला तर वाहतुकीसाठीचं ई-वे बिलही. दोन स्वतंत्र खाती केलीत तर पार्टीची उधारी दोन ठिकाणी विभागली जाते. इंदुरात मर्यादा संपलेला माणूस जळगावहून माल उचलतो आणि दिवाळीनंतर कळतं.

१५. आम्ही पैसे देऊन लिहून घेतलेला कोड कोणाचा?

करारात काही लिहिलं नसेल तर साधारणपणे ज्याने लिहिला त्याचा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क दुसऱ्याकडे जायला लेखी आणि सही केलेलं हस्तांतर लागतं. त्यातही मुदत लिहायची राहिली तर ते पाचच वर्षांचं धरतात आणि प्रदेश लिहायचा राहिला तर फक्त भारतापुरतं. सामायिक सॉफ्टवेअरमधल्या सोयीवर हक्क मागण्यात फारसा अर्थ नाही. बाहेर जोडलेल्या तुकड्यावर (प्रश्न १३) मात्र जरूर मागा, तो पुढच्या सॉफ्टवेअरलाही जोडता येतो.

१६. उद्या सोडून जायचं ठरवलं तर आमचं काय काय हाती येईल?

हे घेताना विचारा, सोडताना नव्हे. बिलं आणि खाती बहुतेक जण देतात. राहून जातात ते तुम्ही वाढवलेले रकाने, जोडलेली कागदपत्रं आणि बदलांची नोंद. नियम तर दुसरीकडे तसेच चालत नाहीत, त्यांची निदान छापील यादी घ्या. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, त्यामुळे 'जुनं राहू द्या' म्हणून चालत नाही. दरवर्षी मार्चनंतर एकदा पूर्ण उतरवून घ्या आणि उघडून पाहा.

१७. एकाच पार्टीची दोन खाती झाली आहेत. दोन्हींची नावं अक्षरशः सारखी, तरी सॉफ्टवेअर म्हणतं वेगळी आहेत. असं कसं?

तुमची पार्टी बऱ्हाणपूरची आहे का? थट्टा करत नाही. मराठीतला हा 'ऱ्' युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवण्याच्या जगभरच्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत त्याच्यासाठी असलेलं स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले आकडे वेगळे, आणि युनिकोडची नेहमीची सारखं करण्याची प्रक्रियाही या दोघांना एक मानत नाही. मुनीमजींच्या कीबोर्डवर एक तऱ्हा, मालकांच्या मोबाइलवर दुसरी, झाली दोन खाती.

आम्ही शोधाच्या वेळी दोन्ही रूपं एकाच रूपात आणून मग तुलना करतो. हा बदल सगळ्यांसाठी केला, एकट्यासाठी नाही. जुनी खाती मात्र आपोआप एक करत नाही. एकाच नावाच्या खरोखर दोन पेढ्या असू शकतात, म्हणून यादी तुमच्यापुढे येते आणि जीएसटी क्रमांक पाहून तुम्हीच 'एक करा' म्हणायचं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं या यादीत येणार नाहीत, ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागतात. त्या कामाला प्रत्येक हजार नावांमागे एक माणूस आणि एक दिवस धरा, कारण 'गोऱ्हे' आणि 'कुऱ्हाडे' शेवटी डोळ्यांनीच तपासावे लागतात.